नव्वद डिग्रीचा गुडघा

देव भीती वाटत होता तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे दादा बहुधा एखाद्या गाडीखाली शिरून नट आवळत बसले असावेत. त्यांच्या वाटणीची भीती मग मलाच मिळाली. माझी स्वतःची होतीच, त्यात ही भर. म्हणून तर थेरगावात दहा वर्षं राहूनही मी डांगे चौकात दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेलो नव्हतो.

दादा कोल्हापूरचे, रॅलीतले ड्रायव्हर. घाटातल्या मातीच्या वळणावर त्यांची गाडी तीन कोलांट्या खाऊन थांबली आणि डावा पाय इतक्या ठिकाणी मोडला, की आतल्या पट्ट्या-स्क्रूंना दादा 'फॅब्रिकेशन' म्हणत. डॉक्टर म्हणाले, "चाललात तरी पुष्कळ." दादांनी विचारलं, "आणि क्लच?" शेवटी तोड निघाली : गुडघा नव्वद डिग्रीत वाकेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दादांनी शब्द दिला.

रोज संध्याकाळी ते काठी टेकत चार मजले जिन्याने चढत. मी तिसऱ्यावर राहतो आणि लिफ्टने जातो. एकदा लिफ्ट मध्येच अडकली. आत मी घामाघूम, बाहेर काठीची टकटक वर वर चाललेली. मग वरून आवाज आला, "इन्स्पेक्टर, मी पोचलो. तुम्ही या सावकाश." व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात मीच गाडीने न्यायचो. शेजारी बसून ते रॅलीत सांगतात तसा रस्ता सांगत : "उजवं वळण, पुढं खड्डा, डावीकडं म्हैस. म्हैस वाट देणार नाही. तुमीच थांबा." माझ्या ड्रायव्हिंगवर ते एकदाच बोलले. "तुमच्या गाडीतनं उतरलं की पुन्हा वाचल्यासारखं वाटतंय."

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. गुडघा मोजायचा म्हटल्यावर माझ्यातला अधिकारी जागा झाला. कंपनीतल्या कपाटातून कोन मोजायचं स्टीलचं यंत्र मागून आणलं आणि दर रविवारी मोजणी सुरू केली. दादा तोंडात टॉवेल धरून गुडघा दाबत, वहिनी वहीत आकडा लिहीत आणि मी गंभीरपणे 'रीवर्क, पुन्हा दाबा' म्हणत असे. चाळीस, पंचावन्न, सत्तर. सातव्या महिन्यात काटा नव्वदवर आला. वहिनींनी माझ्या हातावर साखर ठेवली. यंत्राचं काम झालं, म्हणून मी सोमवारी ते मोठ्या ऐटीत कंपनीत परत केलं.

"हे कुणी नेलं होतं?" मोजमापाची यंत्रं तपासणारे आमच्या कंपनीतले भाऊ म्हणाले. "लाल स्टिकर दिसला नाही का, साहेब? आठ डिग्री जास्त दाखवतंय हे. भंगारात काढलंय."

यंत्र वापरण्याआधी स्टिकर बघा, असं दिवसभर सगळ्यांवर ओरडतो तो मीच.

दादा फोन उचलेनात. त्याच सकाळी ते जवळच्या एका मित्राच्या मोकळ्या मैदानात गाडी चालवायला गेले होते. मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा धुळीचा एक लोट गोल गोल फिरत होता आणि कडेला वहिनी दादांची काठी छातीशी धरून उभ्या होत्या. मी हात हलवत मध्येच घुसलो. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"दादा, उतरा. माझं चुकलं. ब्याऐंशीच आहे."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग मांडीवर हात ठेवून म्हणाले, "हळू बोला. पायाला कळाय नको. त्याला नव्वद झाल्यागत वाटतंय."

आणि किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांचा पडलेला चेहरा बघून मी म्हटलं, डॉक्टरांना कोण सांगणार आहे? "शब्द मी दिलाय," ते म्हणाले, "यंत्रानं न्हाई." स्कूटर तिथंच ठेवून परतीच्या वाटेवर त्यांची गाडी मीच चालवली. त्या दिवशी त्यांनी एकही वळण सांगितलं नाही.

उरलेल्या आठ डिग्रींना अडीच महिने लागले. या वेळी डॉक्टरांनी स्वतः मोजलं. दादा पुन्हा रॅलीत उतरले आणि गेल्या वर्षी कोल्हापूरला परत गेले. जिन्यात आता टकटक नसते. ते लाल स्टिकरवालं यंत्र मी भंगारातून मागून घेतलंय, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही.

परवा डांगे चौकात गाडी चालवताना मी आपसूक पुटपुटलो : उजवं वळण, पुढं खड्डा, म्हैस नाही. आणि तिसरा गिअर पडला. सांगायला म्हणून मी शेजारी वळून पाहिलं.