जगदाळे सर आणि लाल ट्रे

कुठल्याही कारखान्यात पाऊल टाकलं की जगदाळे सर आधी लाल ट्रे कुठे आहे ते विचारत. नापास झालेले भाग लाल ट्रेमध्ये टाकायची पद्धत सगळीकडे आहे. “चांगला माल कुणीपण दाखवतंय,” ते म्हणत, “टाकलेला दाखवा, मग तुमची ओळख पटंल.” तीस वर्षं जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये काढूनही त्यांच्या मराठीतलं कराड तसंच होतं.

चीनच्या अभ्यासदौऱ्यावर मी त्यांच्याबरोबर होते. कंपनीला ठरवायचं होतं, की ब्रेकचे ओतीव भाग पुढे तिकडून घ्यायचे का. घेतले, तर आमच्याकडचा तो विभाग बंद होणार होता. तो विभाग सरांचाच होता. अहवालही त्यांनाच लिहायचा होता.

पहिल्या दिवशी स्वागत, फुलं, मोठ्या साहेबांचं भाषण झालं. आणि सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुमचं रिजेक्शन कुठं ठेवता?” तिथल्या गुणवत्ताप्रमुख श्रीमती लिन यांनी एकदा आपल्या साहेबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसरा दिवस आम्ही बैठकीच्या खोलीत चकचकीत चित्रफिती बघत घालवला. कारखान्याचं दार काही उघडलं नाही.

“माझंच चुकलं,” संध्याकाळी चहा घेताना सर म्हणाले. “पावणा म्हणून जायचं आणि उंबऱ्यातनंच उष्टी भांडी बघायला मागायची. तेही तिच्या साहेबांदेखत.”

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लिनबाई एकट्या खिडकीशी उभ्या होत्या. सरांनी पिशवीतून तडा गेलेला एक ओतीव तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. तुलनेसाठी आणलेल्या नमुन्यांपैकीच तो होता. “हा आमचा. आमच्याकडं नापास झाला. का, ते अजून सापडलेलं नाही.” बाईंनी तो उजेडाकडे धरला, तड्यावरून नख फिरवलं, बराच वेळ पाहिला. मग तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाल्या, “चला.”

आत लाल ट्रे रांगेत मांडलेले होते. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर कारण, आणि पुढे काय दुरुस्ती केली तेही. लिनबाई एकेक वाचून सांगत होत्या. सरांनी सुरुवातीला खूप प्रश्न विचारले. हळूहळू प्रश्न कमी झाले.

परतीच्या बसमध्ये आमचा गटप्रमुख मार्कुस त्यांच्या शेजारी येऊन बसला. “आल्झो, म्हणजे असं बघ, तू नुसतं ‘आणखी चाचण्या हव्यात’ असं लिही. विभागाची दोन वर्षं सहज निघतील.”

तो उठून गेल्यावर सर मला म्हणाले, “वैशाली, ही माणसं आपल्यापेक्षा चांगलं काम करतात. चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काय जातं?”

“तुमचा विभाग जातो, सर.”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जातो.”

परत आल्यावर अहवाल वर पाठवण्याआधी त्यांनी तो आपल्या माणसांना स्वतः सांगितला. सकाळच्या पाउझमध्ये, म्हणजे मधल्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, उभं राहून. विभागातला सर्वांत जुना माणूस होल्गर डबा बंद करून निघून गेला. त्यानंतर त्याने सरांना सकाळी भेटल्यावर कधी साधं ‘मॉर्गन’ही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी विभाग बंद झाला. काहींना दुसरीकडे घेतलं, काहींना नाही. सरांना दुसरं खातं देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही आणि मुदतीआधीच निवृत्त झाले.

या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीच्या सभागृहात मी सरांच्या पत्नी शालिनीवहिनींच्या मागच्या रांगेत होते. होल्गर उशिरा आला, टोपी हातात धरून सरळ वहिनींपुढे उभा राहिला. “मी त्यांच्याशी शेवटपर्यंत बोललो नाही,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे,” वहिनी त्यांच्या सावकाश जर्मनमध्ये म्हणाल्या. “हे म्हणायचे, होल्गरचा राग खरा आहे, त्याची कुणी समजूत घालायला जाऊ नका.”

पुढच्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. वहिनींनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि तो तिथे बसला.