युरोपातलं पुणं

कवडू सरांनी युरोप डोळ्यांनी कधी पाहिला नाही. त्यांची धाव वर्ध्यापर्यंत, फार तर नागपूर. पण हिंगणीच्या शाळेत नववीच्या वर्गाची मागची भिंत त्यांनी एका दिवाळीच्या सुटीत स्वतः रंगवली आणि तिच्यावर अख्खा युरोप काढला. समुद्राला नीळ, जमिनीला चुना, आणि १८४८ साली जिथे जिथे लोक राजाविरुद्ध रस्त्यावर उतरले तिथे गेरूचा ठिपका. पालेर्मो, पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन. शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे त्याचं काही काम नव्हतं तिथे, आणखी एक ठिपका: पुणे. का, तर त्याच वर्षी तिथे मुलींची शाळा निघाली.

"तिकडं राजे पळाले, इकडं पोरी शाळेत गेल्या. मोठी क्रांती कोणती, सांगा मले," असं ते विचारत, आणि वर्ग बाकं बडवून पुण्याचं नाव घेई. काय ते दिवस होते!

एकदा त्यांची माय पंचफुला भिंत पाहायला आली. जन्मभर अंगठा उठवणारी बाई. पॅरिसकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पुणं कुठलं ते विचारलं, त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

पुढच्या वर्षी तपासणीला साहेब आले. "युरोपात पुणे? लोक हसतील. पुसा ते." सरांचा नोकरीत कायम होण्याचा कागद त्याच साहेबांच्या सहीसाठी अडला होता. साहेबांची जीप वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत सरांनी ठिपक्यावर चुन्याचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा नावाच्या पोरीने उभं राहून विचारलं, "सर, पुन्याले काऊन पुसलं?"

"पुस्तक काढा," सर म्हणाले.

मायला तर त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तोंडात क्रांती आणि हातात चुना, अशी तीस वर्षं निघाली. निवृत्तीला मिळालेली शालसुद्धा अंगाला टोचली म्हणतात.

परवा फोन आला. पौर्णिमा आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका. "सर, प्रोजेक्टरचा पडदा लावाचा आहे म्हणून ते भिंत पांढरी करून राह्यलो. एकडाव पाहून जा."

सर गेले. युरोपचे पोपडे निघाले होते, नीळ विटली होती. रंगारी धीरज चुन्याची बादली घेऊन तयार. नववीच्या पोरी समोर बसलेल्या.

"सर," पौर्णिमा हळूच म्हणाली, "माहा एक प्रश्न राह्यला होता."

सरांना तो सांगावा लागला नाही.

"भेलो होतो मी, पोरी," ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "नोकरी जाईन म्हणून भेलो होतो."

सरांनी डोळे पुसले. व्हरांड्याच्या पट्ट्यासाठी भिजवलेल्या गेरूत बोट बुडवलं आणि माय उभी राहिली होती त्याच जागी, कोपऱ्यात, ठसठशीत ठिपका दिला.

धीरजने उचललेला ब्रश खाली घेतला. "थांबा जी सर, वाळू द्या आधी. गेरू ओला असला तं चुन्यातून फुटून निघते. कितीही हात मारा, लाल दिसतेच."

"असं?" सर म्हणाले. "मंग मार आत्ताच."