तांदळाच्या पिंपातलं टपाल

जगात टाकून देण्यासारखं काहीच नसतं, यावर आमच्या वन्संइतकी श्रद्धा असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबरच राहायच्या. पुड्यांची सुतळी, पेनांची टोपणं, जुन्या लग्नपत्रिका, सगळं त्यांच्याकडे नीट बांधून ठेवलेलं असायचं. ठाण्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात त्या टपाल सांभाळायच्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे ईमेल आली आणि हेही टपालच, म्हणून ती वन्संच्या पदरात पडली. सगळ्या कारखान्याच्या मेल एकाच कॉम्प्युटरवर यायच्या. वन्सं त्या ज्याच्या त्याच्याकडे धाडायच्या आणि एकूणएक जपून ठेवायच्या. वर्गवारी मात्र घरची. सगळ्यांना सरसकट आलेली मेल म्हणजे ‘वाण’. एकाने वाचून दुसऱ्याकडे ढकललेली ‘उष्टी’. आणि ड्रॉइंगं, दरपत्रकं अशा फायली सोबत घेऊन येणारी ती ‘लेकुरवाळी’. एकदा मी डबा द्यायला गेले, तर बाई फोनवर कुणाला तरी सुनावत होत्या, "अहो, तुमची लेकुरवाळी आली खरी, पण पोरं वाटेतच राहिली! परत पाठवायला सांगा." कारखान्यातले सगळेच मग तसं बोलायला लागले.

कॉम्प्युटर भरत आला की वन्सं मेल फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायच्या. ऑफिसच्या कपाटात ओल येऊन फ्लॉप्यांना बुरशी धरायला लागली, तेव्हा साहेबांना सांगून त्यांनी त्या घरी आणल्या, पिशव्यांत बांधल्या आणि तांदळाच्या पिंपात तळाशी ठेवल्या. तांदळात ओल शिरत नाही, हे त्यांचं शास्त्र.

पुढे साहेब बदलले. नव्या साहेबांनी फर्मान काढलं, "मेल कॉम्प्युटर सांभाळतो, त्याला माणूस कशाला?" वन्संची बदली गोडाउनला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "गोडाउनचं काही नाही गं," मला म्हणाल्या, "पण हे लोक सगळं पुसून टाकतील. माझं मग राहिलं काय?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बसला! परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीची सगळी ड्रॉइंगं त्याच्या पोटात. भर दुपारी वन्सं कंपनीच्या जीपमधून घरी आल्या, पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि किंचाळल्या, "आई! फ्लॉप्या तेलकट कशानं झाल्या?"

"अगं, परवा तांदळाला एरंडेल लावलं ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या त्या कीड न लागण्याच्या काळ्या वड्या पिशवीत बांधलेल्या. बांधून ठेवल्या तर लागू कशा पडणार? पिशव्या सोडून सगळ्या तांदळात मोकळ्या केल्या."

वन्संनी सगळ्या फ्लॉप्या तांदळातून वेचल्या. मग आम्ही तिघींनी जुनं पातळ फाडलं आणि एकेक फ्लॉपी तान्ह्या बाळासारखी पुसून काढली. सगळ्यांत जपून सासूबाईच पुसत होत्या. जीप गेली आणि आम्ही दोघी दाराकडे डोळे लावून बसलो.

दिवेलागणीला वन्सं आल्या त्या दोन्ही हात वर करूनच. "सगळ्या आल्या! पोराबाळांसकट!" एकच फ्लॉपी दगावली होती. "तिच्यात नुसती वाणं होती, गेली तर गेली." गोडाउनचं फर्मान रद्द झालं होतं. साहेबांनी विचारलं म्हणे, मॅडम, हा वास कसला? "म्हटलं, एरंडेलाचा. टपालाला कीड लागत नाही!" आम्ही हसून हसून बेजार झालो.

सासूबाई तेवढ्यात आत गेल्या. लेकीचं लग्न झालं नाही याची त्यांची रुखरुख साऱ्या कोपरीला पाठ होती. त्या बाहेर आल्या त्या ओंजळभर तांदूळ घेऊन. वन्संना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि त्यांच्या पदरात तांदूळ घातले.

"अगं आई, माझी कसली ओटी?"

"लेकुरवाळीची," सासूबाई म्हणाल्या.

वन्संनी ते तांदूळ कधी शिजवले नाहीत, पुडीत बांधून ठेवले. आता दोघीही नाहीत. पुडी माझ्याकडे आहे. एरंडेलाचा वास अजून जरासा येतो, आणि मला त्यांची फार आठवण येते. घर आवरताना मुलं विचारतात, हे टाकू का? मी नको म्हणते.