काचेच्या कालव्यातली काकू

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा अख्खा वर्ग उठून उभा राहिला. पोरांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. ती फळ्याजवळून वळली, मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवीतून वही काढली. मग जो हशा पिकला त्यात तीही सामील झाली. तेव्हापासून ती सगळ्यांची काकू.

चाळिशी ओलांडलेली ही बाई पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची. डिप्लोमा, लग्न, मुलगी, आणि मग वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या पाइपांच्या रेघा. एकदा तिनं साहेबांना सहज विचारलं, "हा पाइप एवढाच मोठा का घेतला?"

"गणित असतं त्यामागं. तुम्ही रेघ सरळ ओढा म्हणजे झालं."

ते तिच्या मनाला लागलं. मुलीची दहावी आटोपली त्या उन्हाळ्यात तिनं लांब रजा टाकली आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला.

बाकीचे विषय तिनं रेटले, पण द्रवयांत्रिकीनं घाम फोडला. बर्नूलीचं समीकरण तिला झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. गणित जरा फिरवून आलं की मात्र सगळं डोक्यावरून जायचं. पहिल्या चाचणीत तर दांडीच गुल झाली. हा विषय शिकवणाऱ्या मॅडम वयानं तिच्याहून लहान. पेपर देताना त्यांनी आवाज खाली आणला.

"पाठांतर चोख आहे तुमचं. पण पाण्याकडं कधी नीट बघितलंत का हो?"

घरी येईपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. "सोडून देऊ का?" तिनं नवऱ्याला विचारलं. तो वायरमन, बोलायला तिरकस.

"सोड की. फक्त उद्यापासून साहेब सांगतील तशी गुपचूप रेघ ओढायची. जमेल?"

"नाही जमणार!"

"मग मला कशाला विचारतेस?"

आणि तिनं खरंच पाण्याकडं बघायला सुरुवात केली. बादली भरताना, बाटली उपडी करताना, बागेतली नळी बोटानं दाबताना. नवरा मुलीला म्हणायचा, "तुझी आई हल्ली पाण्यालाच पाण्यात पाहते!"

एका सकाळी ती भांडी घासत होती. नळाची धार सिंकच्या तळावर पडत होती आणि काचेसारखी पातळ, वेगानं पसरत होती. थोड्या अंतरावर तेच पाणी एकदम जाड होऊन कड्यासारखं उठत होतं. तिनं जाळीवर ताटली ठेवली. सिंकमध्ये पाणी तुंबलं, तसं ते कडं धारेकडं सरकलं. ताटली उचलली, कडं पुन्हा लांब.

"आई, नळ!" मुलगी ओरडली.

"थांब गं! हे बघ, पाणी उडी मारतंय."

मॅडमना तिनं हे सांगितलं, तर त्यांनी तिचा हातच धरला आणि प्रयोगशाळेत नेलं. तिथं काचेच्या भिंतींचा लांबलचक कालवा होता. "हीच ती हायड्रॉलिक जंप. इथं पोरांना दाखवताना नाकी नऊ येतात, आणि तुम्हाला ती स्वयंपाकघरात भेटली!"

तिथून गाडी रुळावर आली. समीकरणातल्या अक्षरांत आता तिला खोली दिसायची, वेग दिसायचा. रिकाम्या तासाला ती त्या कालव्यापाशीच सापडायची.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते कपाळाला आठ्या घालूनच. तिच्या गटाला तीच जंप उभी करायची होती. पंप सुरू झाला, कालव्याच्या तोंडाशी असलेल्या फाटकाखालून पाणी सुसाट निघालं आणि उसळी टिकेचना, थेट टोकाला वाहून गेली. गटातल्या पोरांचे चेहरे पांढरे पडले.

"काकू, गेली!"

"जाते कुठं?" तिनं टोकाची, तळातून उभी होऊन पाणी अडवणारी झडप वर उचलली. पाणी तुंबलं, उसळी मागं आली. पण इतकी मागं, की फाटकच बुडालं. परीक्षक घड्याळाकडं बघायला लागले. तिनं ओठ चावला आणि झडप हळूहळू, केसभर केसभर उतरवली. फाटकाच्या पुढं पांढरी उसळी घुसळत उभी राहिली आणि जागची हलली नाही.

"धरणाखाली ही मुद्दाम का घडवतात?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, वरून आलेलं पाणी रागात असतं. त्याचा राग तिथंच, काँक्रीटवर जिरवायचा. नाहीतर ते नदीचा तळ उकरून काढतं."

"भाषा सोडा. उसळीनंतरची खोली किती येईल, गणित करून सांगा."

तिनं गणित मांडलं, आकडा सांगितला. परीक्षकांनी मोजपट्टीची सुई स्वतः पाण्याला टेकवली, वाकून वाचलं आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या आठ्या कधी गेल्या ते त्यांनाही कळलं नसेल.

"शाब्बास," ते म्हणाले. "पंप बंद करू नका. दुसऱ्या गटांनाही बघू दे."

त्या विषयात ती कॉलेजात पहिली आली. पुढं पदवीदान झालं तेव्हा तिचं नाव पुकारताच मागच्या रांगांतून "काकू! काकू!" असा गजर उठला, की पुढचं नाव घेणाऱ्याला थांबावं लागलं. व्यासपीठावरचे पाहुणे गोंधळून इकडंतिकडं बघू लागले.

"कोण काकू?"

"मी," ती म्हणाली, आणि पदवी घ्यायला दोन्ही हात पुढं केले.