मागच्या रांगेतले काका

वडगाव निंबाळकरच्या आमच्या गोठ्यात रोज सकाळी "जमलेल्या मंडळींनो" असा पुकारा व्हायचा. मंडळी म्हणजे दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. धार काढता काढता काकी भाषण करायची. समोर परका माणूस आला की मात्र तिचा आवाज पदराआड जायचा. पन्नाशी उलटल्यावर हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, ते सांगते.

काका गेले. दहाव्याला घाटावर, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, पुढारी एकेक करून श्रद्धांजलीला उभे राहिले. प्रत्येकाने काकांना शांत आणि मितभाषी करून टाकलं. बायका एका कडेला बसल्या होत्या. तिथं बायका बोलत नाहीत. घरी आल्यावर काकी फणकारली, "शांत? ह्यांच्या हसण्यानं म्हशी दावं तोडायच्या! कुणाचा दहावा करून आली ही माणसं?" आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "पोरी, भाषण शिकवायचा क्लास कुठं असतो गं? वर्षश्राद्धाला मी बोलणार हाय."

मी बारामतीत नोकरीला. स्कूटीवर तिला मागे बसवून क्लास शोधत हिंडले. एका ठिकाणी इंग्रजी येतं का म्हणून विचारलं. दुसरीकडच्या पोराने हसून म्हटलं, "आजी, नातवाचं नाव सांगा." काकी म्हणाली, "नातू कशाला? माझंच लिव." पण तिथं तिला राहावंसं वाटलं नाही. शेवटी मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत एक सर भेटले. क्लासात कशासाठी आलात, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणाला मुलाखत द्यायची होती, कुणाला विमा विकायचा होता. काकी उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मला ह्यांच्याबद्दल खरं सांगायचंय." सरांनी वहीत पहिलं नाव तिचं लिहून घेतलं.

मी दाराशी बाकावर बसून ऐकायची. सर मलाही आत बोलवायचे, पण चार माणसांत माझी बोबडी वळते. सरांनी शिकवलं होतं, गर्दीला घाबरू नका, मागच्या रांगेतला एक ओळखीचा चेहरा धरा आणि त्याच्याशी बोला. "मी ह्यांनाच बसवलंय मागं," काकी येताना स्कूटीवर म्हणाली. "पाय पसरून बसल्यात, हसत्यात."

भाषण तिचं छोटंसंच होतं. तिचा हात मोडला होता तेव्हा काका दार लावून भाकरी थापायचे. भाकरी फाटली की एवढे हसायचे की दार लावून काही उपयोग व्हायचा नाही. बस्स, एवढंच.

वर्षश्राद्धाला काकी पुढे येऊन बसली होती. कीर्तन संपलं, सूत्रसंचालकाने तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि नेमकी एका पुढाऱ्याची गाडी आली. माइक तिकडे गेला. पुढाऱ्याचं आटोपेपर्यंत पंगती मांडल्या होत्या. "वेळेअभावी थांबूया," सूत्रसंचालक म्हणाला. मी भांडायला उठले, तर काकीने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गं. जेवण निवंल लोकांचं." मग ती पंगतीत वाढायला गेली. त्यानंतर गोठ्यातली भाषणं बंद झाली.

काकी गेली ती उन्हाळ्यात, झोपेतच. पुन्हा तोच घाट, तेच पुढारी. त्यांनी तिला "अबोल माउली" म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कडेच्या बायकांतून उठले. कुणीतरी "अगं, बस" म्हणालं. मी माइक मागून घेतला आणि मागची रांग शोधली. आज तिथं दोघं होती.

"जमलेल्या मंडळींनो," मी म्हणाले, "आमचे काका शांत नव्हते."