तिशीच्या आत, चाळिशीच्या बाहेर

मी एकदा खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार केला होता. कोटात कोणी नव्हतं. पण डोळ्यांवर आजीचा चष्मा होता आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं, त्यामुळे मला तिथे कन्याशाळेच्या कमिटीचे अध्यक्ष उभे दिसले. तरी तो त्या दिवसाचा मोठा मूर्खपणा नव्हे. मोठा मी पुढे तोंडाने केला.

दुसरी लढाई अजून लागायची होती आणि मी अठरा वर्षांची होते. बाबा धनजच्या शाळेत मास्तर. त्यांनी मला मुलांच्या वर्गात मागच्या कोपऱ्यात बसवून सातवी पास केलं आणि मग घरात बसवलं, कारण पुढे माझं काय करायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. नातेवाइकांना मात्र सुचत होतं. त्यांच्या लेखी मी घोडनवरी झाले होते. काकांनी रिसोडचं स्थळ आणलं: धान्याचा अडत्या, बिजवर, वय चाळीस.

"चाळीस म्हणजे पुरुषाचं काय वय झालं?" काका म्हणाले. "पोरगी अठराची आहे, ते पाहा."

त्याच सुमाराला कारंज्याच्या कन्याशाळेत एका बाईंची जागा निघाली. बाबांनी मला समोर बसवून सांगितलं, "ही नोकरी लागली तर मी रिसोडला नाही म्हणतो. नाही लागली तर तुझ्या काकांपुढे माझं काही चालायचं नाही."

आता गंमत ऐका. कमिटीला बाई हवी होती तिशीच्या पुढची. आधीच्या दोघी तरुण होत्या. लग्नं ठरली तशा निघून गेल्या. एकीने तर पोरींना सातच्या पाढ्यात अर्ध्यावर सोडलं. म्हणजे एकच भेंडी रिसोडला जून ठरत होती आणि कारंज्याला कोवळी.

बाबांनी हे ऐकून मान खाली घातली. आजीने घातली नाही.

"कागदावर थोडंच लिव्हलं हाये तुह्यं वय?" ती म्हणाली. "तोंडानं इचारतीन. तवा साल सांगायचं नाही. बाईमाणसाले साल ठाऊक नसते. म्हणायचं, मोठ्या दुष्काळात मी पाळण्यात होती. झाली का नाही तिशी पार? अन् मंग गप राह्याचं."

आमच्याकडे बायकांचं वय असंच मोजत. कोणी मोठ्या दुष्काळातली, म्हणजे शतक पालटताना पडला त्यातली. कोणी मानमोडीची, म्हणजे पहिली लढाई सरता सरता तो ताप आला त्या सालची. खरी मी मानमोडीची. आजीच्या योजनेत मी एका साथीवरून उडी मारून थेट दुष्काळात पडणार होते.

बाबा शाळेत गेल्यावर तिने मला आपलं नऊवारी नेसवलं, अधेलीएवढं कुंकू लावलं आणि चष्मा चढवला. नवरा कुठे आहे असं विचारलं तर काय सांगायचं, हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. कोणी विचारलं असतं तर मी बहुधा त्या खुंटीवरच्या कोटाकडे बोट दाखवलं असतं.

शेजाऱ्यांची कापसाने भरलेली बैलबंडी बाजाराला निघाली होती, तिच्यावर बसून मी कारंजा गाठलं. वाटेत कापूस केसांत अडकला. तो मी मुद्दाम झटकला नाही. पिकल्यासारखा दिसत होता. स्वतःच्या हुशारीवर मी किती खूश होते म्हणून सांगू!

तर कोटाला नमस्कार झाला. मग कोणीतरी खाकरलं आणि मला कळलं की माणसं टेबलामागे बसली आहेत. मधोमध पागोटंवाले वकील, ते अध्यक्ष. त्यांच्या शेजारी गावातले कापडाचे व्यापारी. त्यांना सगळं गाव चाचा म्हणे. कडेला शाळेच्या मोठ्या बाई, अमरावतीहून आलेल्या. परक्या बाईच्या तोंडाकडे पाहायचं नाही या रीतीने दोघे पुरुष टेबलाकडे पाहत बोलत होते. मोठ्या बाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, पडसं झालं असेल.

वाचून दाखव म्हणाले, वाचलं. चष्म्यातून अक्षरं दिसत नव्हती, पण धडा पाठ होता. त्रैराशिक घातलं, तेही सोडवलं. वकिलांनी टेबलाला उद्देशून विचारलं, "आपलं वय?"

"साल नाही ठाऊक," मी घोगरा आवाज काढला. "मोठ्या दुष्काळात..."

इथे थांबून 'पाळण्यात होते' एवढं म्हणायचं होतं. पण सगळं इतकं झकास चाललं होतं, की पाळण्यात पडून राहायला माझं मन घेईना. मी म्हणाले, "मोठ्या दुष्काळात मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन अन्नछत्रात उभी राहायची. काय दिवस होते ते!" आणि वर एक सुस्काराही सोडला.

चाचा एकदम उठून उभे राहिले. "या अल्ला! कडेवर पोरगं घेत होत्या म्हणजे तवा आठ वर्साच्या तरी असान तुमी. म्या तवा चार वर्साचा होतो. मंग तं तुमी माह्या मोठ्या आपा झाल्या! उभ्या काहून? बसा आपा, बसा." त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी ऐटीत बसले.

वकील बोटांवर काही मोजत होते. "चव्वेचाळीस," ते खेदाने म्हणाले. "माफ करा, बाई. चाळिशीच्या वरची बाई आम्हाला घेता येत नाही. नजर जाते, पोरींमागे धावणं होत नाही. तीस ते चाळीस, असा नियम आहे."

चाळिशीची बाजू आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती! माझ्या डोळ्यांपुढे रिसोडचा अडत्या उभा राहिला, तोही चष्म्यामुळे दुहेरी. मी चष्मा काढला, पदर मागे सारला आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "मी चव्वेचाळीसची नाही हो! मी मानमोडीची आहे. अठराची!"

दोघांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. चाचांना हसू आवरेना. "अजी, आपाची तं नात निघाली!"

वकील हसले नाहीत. "मग तर मुळीच नाही," ते म्हणाले.

एका बैठकीत मी म्हातारी म्हणून नापास झाले आणि पोर म्हणूनही. उठायला गेले तर पाय नऊवारीत अडकला.

"बस खाली," मोठ्या बाई म्हणाल्या. पदर आता त्यांच्या तोंडावर नव्हता. "वकीलसाहेब, तीस ते चाळीस वयाची, शिकलेली एक बाई मला या गावात दाखवा."

"शोधू की."

"कुठून शोधणार? ती शिकायच्या वयाची होती तेव्हा इथे मुलींची शाळाच नव्हती. तिला तुम्हीच घरी बसवलंत आणि आता म्हणता ती का येत नाही. वर्ग महिनाभर रिकामा आहे. ऐका."

शेजारच्या वर्गातून पोरींचा असा गलका येत होता, की ऐकण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

"अन् ही लगन करून गेली तं?" चाचांनी विचारलं.

"लग्न मोडावं म्हणून तर आले आहे!" मी रिसोडची सगळी कहाणी सांगून टाकली, मध्ये श्वास न घेता. चाचांनी कानांना हात लावले. "चाळीस? माह्याएवढा? तौबा. वकीलसाहेब, पोरगी बसू द्या. योग्य वयाची भेटली तं पाहू."

वकिलांनी बराच वेळ पागोटं सारखं केलं. शेवटी ठरलं: योग्य वयाची बाई मिळेपर्यंत मला ठेवायचं.

ती काही मिळाली नाही. शोधता शोधता मीच योग्य वयाची झाले आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत त्यातून बाहेरही पडले. लग्न पुढे केलं, माझ्या मनाने, आणि नोकरी सोडली नाही.

त्या दिवशी घरी परतले तेव्हा आजी ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी तिचा चष्मा तिच्या हातात दिला आणि नमस्कारापासून खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, चष्मा पदराने पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला खालून वर न्याहाळलं.

"जाय, तुह्या बापाले सांग," ती म्हणाली, "रिसोडले निरोप धाड म्हणा. आमची पोरगी कारंज्याच्या कमिटीनं तपासली, ते नवरदेवाहून चार वर्सानं मोठी निघाली."