अंककाकांचा गणपती

अंककाकांना काहीही विचारा, उत्तराऐवजी दोन नवे प्रश्न पदरात पडत. रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बालमासिकांचे अंक जमवायचा, म्हणून अंककाका, आणि त्या मासिकांचा इतिहास लिहीत होता. कधी पुरा होणार, हे विचारायची आमची छाती नव्हती.

आमचा हमरापूरला कागदाच्या लगद्याच्या गणपतींचा कारखाना. गावोगावची रद्दी आमच्या दारात येऊन पडते, आणि ती भिजायच्या आत चाळायला काका रोह्याहून यायचे. गठ्ठेच्या गठ्ठे उपसल्यावर एखादं पिवळं पान हाती लागे. मग चहा गार होईपर्यंत त्या पानाशी त्यांचं भांडण.

"मुलांसाठी म्हणून छापलंय, आणि आत बायकोशी कसं वागावं याचा उपदेश! याला बालमासिक म्हणायचं का?"

"तेव्हा मुलांचीच लग्नं व्हायची ना, काका."

"म्हणजे मूल कोणाला म्हणायचं, इथूनच सुरुवात आली!" असं म्हणून ते डोकं धरून बसत.

चित्रांनी तर त्यांचा जीव खाल्ला होता. छपाईचे ठसे विलायतेहून आलेले, त्यामुळे चित्रात बर्फात खेळणारी गोरी पोरं आणि खाली गोष्ट आमराईची. "आपल्या खाडीकडच्या पोराला हा बर्फ काय वाटला असेल हो? मीठ?" आम्ही हसायचो. ते मात्र खरंच विचारात पडलेले असत.

एकदा मी दोन सुटी पानं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली. ती कुठे जुळतात ते पाहायला काका जन्मभर जमवलेले सगळे अंक बांधून घेऊन आले. गठ्ठा दारात ठेवला, पाय धुतले आणि आत येऊन त्या पानांत गढून गेले. वाडीवरून कामाला येणाऱ्या कमळने गठ्ठा सोडला, कागद फाडले आणि पिंपात टाकले. दारातला कागद कोणाचा हे आमच्याकडे विचारत नाहीत, भिजवतात.

काकांनी पिंपात कोपरापर्यंत हात घातला. वर आली ती नुसती लापशी. कमळ रडायलाच लागली. "मना काय ठाव, काका? दारात व्हता, मना वाटला रद्दीच हाय."

"तुझं काय चुकलं गो? दारात मीच ठेवला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यातून कोणते गणपती होतील?"

मला सांगता येईना. पिंपात इतर रद्दीही होती, आणि तो लगदा पुष्कळ साच्यांत जाणार होता.

काकांच्या घरी कधी गणपती बसत नव्हता. त्या साली त्यांनी एक छोटी मूर्ती नेली, तीही निवडायला अख्खी सकाळ घालवून. विसर्जनाला मात्र त्यांचा हात पुढे होईना. शेजारी बोलले, भटजी बोलले, मूर्ती कपाटावरच राहिली. भेटले की म्हणायचे, "माझं चुकतंय, कळतंय मला. पण बुडवू कसा?" इतिहास तिथेच थांबला.

काका गेले, तेव्हा त्यांच्या पुतण्याने मूर्ती आमच्याकडे आणून दिली. "तुम्हीच काय ते करा," म्हणाला. कमळ येताजाता म्हणते, "सोडा गो ताई नदीत. देवाला किती दिस अडकवायचा?" तिचं खरं आहे. काकांची मला फार आठवण येते आणि हा घोळ माझ्या गळ्यात घातल्याचा रागही येतो. मी मूर्ती उचलते, दारापर्यंत जाते आणि परत आणून ठेवते. सोडली, तर काकांचे अंक दुसऱ्यांदा भिजतील. आणि ते या मूर्तीत आहेत, की दुसऱ्याच कोणाच्या, केव्हाच विरघळून गेलेल्या मूर्तीत, हे मला आजही माहीत नाही.